कॅफे रेसर करा, पण मागची सीट राहू द्या

आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत, तानसाच्या आजूबाजूच्या पाड्यांवर किती तरी अंगणांत एखादी जुनी मोटारसायकल दिसते. कुठे ती रोज राबते, तर कुठे पडवीत ताडपत्रीखाली उभी असते आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसतात. घरातल्या मुलाच्या मोबाइलमध्ये मात्र तीच गाडी वेगळी दिसत असते. खाली वाकलेलं हँडल, लांबट टाकी, एकाच माणसापुरती सीट. "आई, बाबांच्या गाडीची कॅफे रेसर करायची," असं तो म्हणतो, आणि गटातून कर्ज मिळेल का तेही विचारतो. असा प्रश्न बैठकीत आला तर हो म्हणायचं की नाही? त्यासाठी त्या गाडीत नेमकं काय बदलतं हे आपल्याला माहीत हवं.

आधी नावाचा अर्थ पाहू. कॅफे म्हणजे चहा-कॉफीचं हॉटेल आणि रेसर म्हणजे शर्यतीची गाडी. इंग्लंडमध्ये १९५० आणि १९६०च्या दशकांत मोठ्या रस्त्यांच्या कडेला ट्रक ड्रायव्हरांसाठी हॉटेलं असायची, आपल्या मुंबई-नाशिक महामार्गावरच्या ढाब्यांसारखी. लंडनमधलं एस कॅफे हे त्यातलं प्रसिद्ध. कामाधंद्याला लागलेली तरुण मुलं संध्याकाळी आपापल्या गाड्या घेऊन तिथे जमायची. नवी शर्यतीची गाडी परवडायची नाही, म्हणून साधीच गाडी घरी उघडायची, जास्तीचे भाग काढून वजन कमी करायचं आणि ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरचा वेग गाठायचा. वारा कमी लागावा म्हणून हँडल खाली आलं. अंग पुढे वाकलं, म्हणून पाय ठेवायचे फुटरेस्ट मागे गेले. मागे कोणी बसणार नव्हतं, म्हणून सीट एकाची झाली.

म्हणजे ही गाडी एका माणसासाठी, डांबरी सपाट रस्त्यासाठी आणि वेगासाठी घडली. आता आपल्या गाडीची कामं बघा. खडीच्या रस्त्याने तालुक्याला जायचं, भाजीच्या पाट्या नाहीतर तांदळाचं पोतं आणायचं, आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं, गटाच्या बैठकीला आणि बँकेत जायचं. यातल्या बऱ्याच फेऱ्यांना मागे बाई बसलेली असते. गाडी पुरुषाच्या नावावर असली तरी तिची मागची सीट आपली असते. कॅफे रेसर करताना सगळ्यात आधी कापली जाते ती हीच सीट. म्हणून हा विषय फक्त मुलांच्या हौसेचा नाही.

सीटबरोबर आणखी काय काय जातं ते पाहू. पहिलं साडीगार्ड. बाई डावीकडे पाय सोडून बसते, म्हणून साडीगार्ड डाव्या बाजूला असतं. बहुतेक गाड्यांची साखळीही त्याच बाजूला असते. पदर किंवा ओढणी चाकाच्या तारांत नाहीतर साखळीत अडकली, तर एका क्षणात ती गुंडाळली जाते आणि माणूस मागे खेचला जातो. गळ्याला फास बसून जीवही जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ नेमका याचसाठी आहे. मागे बसणाऱ्याला धरायला कायमची पकड, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं चाक तरी झाकेल असं संरक्षण, या तिन्ही गोष्टी मोटारसायकलला हव्यात, असं तो सांगतो. "साडीगार्ड जुनाट दिसतं" म्हणून कुणी काढायला निघालं, तर हा नियम सांगायचा.

दुसरी गोष्ट मडगार्ड आणि साखळीवरचं झाकण. ही काढली की उन्हाळ्यात गाडी छान दिसते. पण जून लागला की आपल्याकडचा लाल चिखल चालवणाऱ्याच्या पाठीवर, मागच्या दिव्यावर आणि साखळीवर येतो. दिवा झाकला गेला की मागून येणाऱ्या ट्रकला गाडी दिसत नाही. तिसरी गोष्ट हँडल. खाली वाकलेल्या हँडलमुळे अंगाचा भार मनगटांवर येतो आणि हँडल पुरतं वळत नाही. लंडनच्या रस्त्यावर ते चाललं. माळशेज घाटाच्या उतारावर किंवा पाड्याच्या खड्ड्यांत त्याचा त्रासच होतो.

चौथी गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण तीच सर्वांत मोठी. सीटखालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चासीचा मागचा भाग. मागचे शॉकअप वरच्या बाजूला याच सांगाड्याला जोडलेले असतात. सीट आखूड दिसावी म्हणून हा भाग ग्राइंडरने कापून नवी नळी वेल्डिंग करतात. जोड कच्चा राहिला तर तो अंगणात कळत नाही. पोतं लादून खड्ड्यात गाडी आदळली की कळतं.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ असं सांगतं की, आरसी बुकात कंपनीच्या मूळ माहितीप्रमाणे जे लिहिलं आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे आरसी बुकात नाव असलेला माणूस. हौस मुलाची असली तरी नाव वडिलांचं किंवा आईचं असेल, तर नोटीस त्यांनाच येते. शिवाय बदललेल्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनी हरकत घेऊ शकते.

मग हौस करायचीच नाही का? करायची, फक्त काही कापायचं नाही. यासाठी आपल्या महाराष्ट्रातलंच एक उदाहरण आहे. आपल्या नौदलाची पहिली विमानवाहू युद्धनौका विक्रांत १९६१ मध्ये सेवेत आली आणि १९९७ मध्ये निवृत्त झाली. पुढे काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती भंगारात निघाली. पुण्याच्या बजाज ऑटोने तिचं पोलाद विकत घेतलं आणि २०१६ मध्ये व्ही-१५ नावाची मोटारसायकल आणली. त्या गाडीच्या पेट्रोल टाकीत विक्रांतचा धातू होता. जुन्या लोखंडाचा असा मान राखला म्हणून लोकांना तिचं कौतुक वाटलं. आपल्या कामाची गोष्ट मात्र तिच्या सीटमध्ये होती. मागच्या सीटवर बसवायचं एक कुबडासारखं झाकण तिला होतं. ते बसवलं की गाडी एका सीटची, कॅफे रेसरसारखी दिसायची. काढलं की खाली दोघांची सीट तशीच.

हीच युक्ती घरच्या गाडीला करता येते. फायबरचं किंवा पत्र्याचं हलकं झाकण मागच्या सीटच्या मापाने करून घ्यायचं आणि नटबोल्टने बसवायचं. सांगाडा कापायचा नाही, साडीगार्ड काढायचं नाही. जत्रेला मित्रांबरोबर जाताना झाकण लावलं, बाजाराच्या दिवशी काढलं.

कामाला लागण्याआधी कागद बघा. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली असेल तर आरटीओत गाडी तपासून पुन्हा पासिंग करावं लागतं आणि ते पाच वर्षांसाठी होतं. पर्यावरण करही भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. मालक वारले असतील, तर आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची असते. हे राहून गेलं असेल तर आधी तेच काम उरका. त्या गाडीवर वारस म्हणून विधवा बाईचाही हक्क असतो. नाव लागलं तर पुढचा निर्णयही तिच्या हातात राहतो.

कागद नीट असले की एका वहीत तीन रकाने आखा. पहिला रकाना 'थांबण्यासाठी', दुसरा 'चालण्यासाठी', तिसरा 'दिसण्यासाठी'. पैसे याच क्रमाने खर्च करायचे.

थांबण्यासाठी म्हणजे ब्रेक लायनर, ब्रेकच्या केबल, टायर, पुढचा-मागचा दिवा आणि हॉर्न. टायरला भेगा असतील तर नक्षी शिल्लक असली तरी तो बदलायचा. जुन्या लायनरच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक असतं. ती भुकटी तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

चालण्यासाठी म्हणजे इंजिन, कार्बोरेटर, क्लच, साखळी, वायरिंग. गाडीचा धूर बघून पुष्कळ कळतं. निळसर धूर म्हणजे इंजिनात ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, आणि हा मोठा खर्च. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, त्यासाठी एअर फिल्टर आणि कार्बोरेटर साफ करून बघा. थंडीत सकाळी थोडा वेळ पांढरी वाफ दिसली तर घाबरायचं कारण नाही. साखळी मधोमध धरून वरखाली केली की साधारण दोन-तीन सेंटिमीटर हलावी. फार सैल असली तर ती उतरते, फार ताणली तर लवकर झिजते. कोणताही भाग उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि निघालेले नटबोल्ट जुन्या मसाल्याच्या डब्यात वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा. कुठला बोल्ट कुठला हे मग शोधावं लागत नाही.

दिसण्यासाठी म्हणजे सीटचं झाकण, सीटचं कव्हर, रंग. सीटचं कव्हर तर गटातल्या शिवणकाम येणाऱ्या बाईचंच काम. जुनं कव्हर उसवून कागदावर बेत घ्यायचा, रेक्झिनला १८ नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा वापरायचा, टाके लांब ठेवायचे, कारण जवळजवळ टाक्यांनी रेक्झिन फाटतं. टाकीला रंग देताना पॉलिश पेपरने घासून, प्रायमर लावून, पातळ हात द्यावेत. पावसाळ्यात हे काम नको, दमट हवेत रंग धरत नाही. रंग पूर्ण बदलायचा असेल तर आधी आरटीओत विचारा, आरसीवर रंगाची नोंद असते. सायलेन्सर मात्र कंपनीचाच ठेवायचा. मोठ्या आवाजाने गाडीची ताकद वाढत नाही. घरातलं तान्हं मूल, म्हातारी माणसं आणि अभयारण्यातली जनावरं यांना मात्र त्रास होतो.

घरी काम करताना एक गोष्ट कडकपणे पाळा. गाडीचं काम चुलीपासून लांब, उघड्यावर करायचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या निखाऱ्यानेही पेट घेते. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, मुलं पाणी समजून पितात. नळीने तोंडाने ओढू नका. कुणाच्या पोटात पेट्रोल गेलंच तर उलटी करवू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि रिकाम्या टाकीवर घरी वेल्डिंग मुळीच करू नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ उरते आणि तिचा स्फोट होतो.

मुलाचं वय हाही महत्त्वाचा प्रश्न. गिअरची गाडी चालवायला १८ वर्षं पूर्ण आणि लायसन्स हवं. त्याआधी मुलाने रस्त्यावर गाडी नेली आणि गुन्हा घडला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. गाडी दुरुस्त करायला शिकण्याला मात्र वयाचं असं बंधन नाही. ज्या मुलाने किंवा मुलीने घरी एक इंजिन नीट उघडून बसवलं, तिला त्याची गोडी लागली, तर तालुक्याच्या आयटीआयमध्ये मेकॅनिकचे कोणते ट्रेड आहेत ते विचारा. पाड्यावर गाड्या वाढल्यात. गॅरेज मात्र अजून लांबच असतं.

तर मैत्रिणींनो, गटापुढे असा कर्जाचा अर्ज आला की वही मागवा. पहिल्या दोन रकान्यांसाठी कर्ज मागितलं असेल तर जरूर विचार करा, कारण ती गाडी घराची कमाई वाढवते. तिसऱ्या रकान्याचा खर्च मुलाने स्वतःच्या मजुरीतून करावा. आणि मंजुरीच्या ठरावात एक ओळ लिहून घ्या: मागची सीट, पकड, फुटरेस्ट आणि साडीगार्ड कायम राहील. गाडी तयार झाली की पहिल्या फेरीला आईने डोक्यावर हेल्मेट घालून, पदर खोचून मागे बसायचं आणि ब्रेक लागतो की नाही ते स्वतः बघायचं.