भक्षक, ध्वज आणि उपमा : कोल्हापूरच्या शिलाहारांचा सुवर्णगरुड

प्रस्तावना

दिनांक २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या खेळमालिकेतील पहिले दोन खेळ विक्रीस आले. रानात भटकणारे कल्पित प्राणी पकडावयाचे, त्यांना वाढवावयाचे आणि दुसऱ्या खेळाडूच्या प्राण्यांशी झुंजवावयाचे, असे या खेळाचे साधारण स्वरूप आहे. त्यातील ‘चारिझार्ड’ हा पंख असलेला, शेपटीच्या टोकाशी ज्वाला पेटती असलेला प्राणी विशेष लोकप्रिय झाला. तो आरंभी ‘चारमँडर’ नावाचे लहानसे पिल्लू असतो. सोळाव्या पातळीवर त्याचे एक रूपांतर होते आणि छत्तिसाव्या पातळीवर दुसरे. पंख फुटतात ते या शेवटच्या अवस्थेत. आज महाविद्यालयात शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना हा प्राणी बालपणापासून ठाऊक आहे. अध्यापकांना तो ठाऊक असतोच असे नाही.

या खेळातील एक बारकावा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हा प्राणी कोणत्याही एका पक्षाचा नसतो. आज एका खेळाडूच्या बाजूने लढणारा चारिझार्ड समोरच्या खेळाडूकडेही असू शकतो. शिवाय अदलाबदलीत मिळालेला बलवान प्राणी नव्या मालकाचे ऐकेलच अशी खात्री नसते. मालकाजवळ पुरेसे मानाचे बिल्ले नसतील तर तो आज्ञा धुडकावतो. म्हणजे सामर्थ्य प्राण्याचे असले, तरी ते वापरण्याचा अधिकार चिन्हाने सिद्ध करावा लागतो.

कल्पित पंखधारी प्राणी, त्यावरील हक्क आणि तो हक्क दर्शविणारे चिन्ह हा त्रिकोण नवा नाही. कुरुंदवाड ज्या भूभागात वसले आहे, त्या कृष्णा-पंचगंगेच्या परिसरावर बाराव्या शतकात कोल्हापूरच्या शिलाहारांची सत्ता होती. त्यांच्या ध्वजावर गरुड होता आणि त्यांच्या कुलकथेतही गरुड होता. मात्र ध्वजावरील गरुड आणि कथेतील गरुड यांचे नाते पाहिले की, अभ्यासकाला थबकावे लागते. कारण कथेतील गरुड या घराण्याच्या मूळपुरुषाचा भक्षक आहे.

शिळेवरचा आहार

शिलाहारांच्या कोरीव लेखांत राजांना लावलेल्या बिरुदांची एक ठरावीक माळ आढळते. ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणजे तगर (आजचे तेर) नगरीचे स्वामी, ‘जीमूतवाहनान्वयप्रसूत’ म्हणजे जीमूतवाहनाच्या वंशात जन्मलेले, आणि ‘सुवर्णगरुडध्वज’ ही त्यांपैकी प्रमुख होत. कोल्हापूर शाखेच्या लेखांत यांच्या जोडीला महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. ही बिरुदे लेखनिकाच्या सवयीने पुन्हा पुन्हा येतात, म्हणून वाचणाराही ती भराभर ओलांडून पुढे दानाच्या तपशिलाकडे जातो. पण दुसरे आणि तिसरे बिरुद एकत्र वाचले पाहिजे.

जीमूतवाहन हा विद्याधरांचा राजपुत्र. त्याची कथा सातव्या शतकातील सम्राट हर्षाच्या नावावर असलेल्या ‘नागानंद’ नाटकात आणि पुढे अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त येते. गरुड नागलोकावर झडप घालून नागांचा सरसकट संहार करू लागला, तेव्हा नागराज वासुकीने त्याच्याशी करार केला. दररोज एक नाग ठरलेल्या वध्यशिळेवर पाठवावयाचा आणि गरुडाने त्यावर समाधान मानावयाचे. एके दिवशी शंखचूड नावाच्या नागाची पाळी येते. त्याच्या वृद्ध मातेचा आक्रोश जीमूतवाहनाच्या कानी पडतो. तो वध्याची तांबडी वस्त्रे अंगावर घेऊन शंखचूडाच्या जागी स्वतः शिळेवर बसतो. गरुड त्याला उचलून मलयपर्वताच्या शिखरावर नेतो आणि खाऊ लागतो. भक्ष्य तडफडत नाही, उलट प्रसन्न दिसते, हे पाहून तो प्रथम आश्चर्यचकित होतो. इतक्यात शंखचूड धावत येऊन खरा प्रकार सांगतो. गरुडाला पश्चात्ताप होतो. अखेर गौरीच्या कृपेने जीमूतवाहन पुन्हा जिवंत होतो, अमृताच्या वर्षावाने पूर्वी मारले गेलेले नागही उठतात आणि गरुड नागहत्या सोडतो.

शिलाहारांनी आपले कुलनाम या कथेला जोडले. शिळेवर जो आहार झाला तो ‘शिलाहार’. लेखांतून हे नाव सिलार, सिलाहार, शैलाहार अशा निरनिराळ्या रूपांत येते. त्यामुळे मूळ देशी नाव आधी आणि त्याला बेतून दिलेला संस्कृत अर्थ नंतर, असा तर्क करण्यास जागा आहे. तसे असेल तर या कथेचे मोल कमी न होता वाढते. नावाला अर्थ द्यावयाचाच होता, तर तो पराक्रमाचा देता आला असता. या घराण्याने दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी स्वतः भक्ष्य होणारा पूर्वज निवडला. सूर्य, चंद्र किंवा अग्नी यांच्यापासून आपली उत्पत्ती सांगणाऱ्या तत्कालीन राजघराण्यांच्या गर्दीत ही निवड वेगळी उठून दिसते.

मग ध्वजावर गरुड का ?

याचे एक सरळ उत्तर राजकीय आहे. गरुडचिन्ह हे शिलाहारांच्या पूर्वीपासून राजसत्तेचे प्रतिष्ठित चिन्ह होते. विदिशेजवळ बेसनगर येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजदूत हेलिओडोरस याने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला. गुप्त सम्राटांच्या नाण्यांवर गरुडध्वज आहे आणि समुद्रगुप्ताच्या अलाहाबाद येथील प्रशस्तीत गरुडमुद्रांकित शासनांचा उल्लेख आहे. शिलाहार ज्यांचे मांडलिक होते, त्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांच्या मुद्रांवरही गरुड आढळतो. सम्राटाचे चिन्ह मांडलिकाने आपलेसे करावे, ही गोष्ट अपूर्व नाही.

परंतु एवढ्याने भागत नाही. चिन्ह उसने घेतले असे मानले, तरी त्याच चिन्हाशी जखडलेली कुलकथा घराण्याने का सांगत राहावी, हा प्रश्न उरतो. येथे महाभारताच्या आदिपर्वातील गरुडकथेकडे वळावे लागते. कद्रूच्या दास्यातून आपली माता विनता हिला सोडविण्यासाठी गरुड स्वर्गातून अमृत हरण करतो, परंतु त्यातील एक थेंबही स्वतः चाखत नाही. वाटेत त्याला विष्णू भेटतो. या निर्लोभ वृत्तीवर प्रसन्न होऊन विष्णू वर देऊ करतो, तेव्हा गरुड मागतो की, ‘मी तुझ्याही वर राहावे आणि अमृत न पिता अमर व्हावे.’ उलट गरुडही विष्णूला वर देऊ करतो आणि विष्णू त्याला आपले वाहन होण्यास सांगतो. वाहन म्हणजे खाली, आणि मागणी तर वर राहण्याची ! हा पेच विष्णूने गरुडाला आपल्या ध्वजावर स्थान देऊन सोडविला. वाहन म्हणून तो स्वामीच्या खाली आणि ध्वज म्हणून स्वामीच्या वर, अशी त्याची दुहेरी जागा ठरली. ध्वजावर चढलेला प्राणी हा जिंकलेला दास नव्हे. तो आपल्या अटीवर आलेला सहकारी आहे.

हा संकेत मनात ठेवून शिलाहारांची दोन बिरुदे पुन्हा वाचली की, त्यांतील विसंगती पुष्कळशी मावळते. नागानंदाच्या शेवटी गरुड पराभूत होत नाही, त्याला कोणी शस्त्राने जिंकतही नाही. तो जीमूतवाहनाच्या त्यागापुढे नमतो. अशा गरुडाला ध्वजावर घेणे म्हणजे ‘ज्याने आमच्या पूर्वजाला खाल्ले, तोच त्याच्यामुळे बदलला’ असे सांगणे होय. कोणत्याही लेखात हा खुलासा शब्दशः केलेला नाही, हे मान्य करावयास हवे. तरीही ही दोन बिरुदे एकाच माळेत शतकानुशतके शेजारी नांदली, ती निव्वळ निष्काळजीपणाने, असे मानणे कठीण वाटते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. गरुड दिसला की घराणे वैष्णव, असे समीकरण कोल्हापूरच्या शिलाहारांना लागू पडत नाही. गंडरादित्याने मिरज प्रांतात इरुकुडी येथे ‘गंडसमुद्र’ नावाचा तलाव बांधून त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची देवालये उभारली. दुसऱ्या भोजाच्या कारकिर्दीत इ.स. १२०५ मध्ये सोमदेव या जैन पंडिताने आजऱ्याच्या जैन मंदिरात ‘शब्दार्णवचंद्रिका’ हा व्याकरणग्रंथ पूर्ण केला. कुलदैवत महालक्ष्मी, ध्वजावर विष्णूचे वाहन, कुलकथा बौद्ध करुणेच्या छायेतील (नागानंदाची नांदीच बुद्धस्तुतीची आहे) आणि आश्रय सर्वांना, असा हा व्यवहार होता. या घराण्याचा गरुड संप्रदायाची खूण नसून कुळाची खूण होता.

गरुडाच्या रूपाविषयी दोन शब्द पुरेत. आपल्या माळरानावर आकाशात घिरट्या घालणारा सापमार गरुड खरोखरच सापांवर जगतो. गरुड-नाग वैराच्या कल्पनेमागे असे निरीक्षण असणे संभवते. मूर्तिकारांनी मात्र त्या पक्ष्याला मानवी देह दिला, हात जोडले, गुडघा टेकविला, आणि पंख व बाकदार नाक तेवढे मूळचे ठेवले. हाच प्राणी समुद्रापलीकडेही गेला. इंडोनेशियाने १९५० मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रचिन्हातील गरुडाच्या प्रत्येक पंखात १७ पिसे, शेपटीत ८ आणि मानेवर ४५ पिसे आहेत. १७ ऑगस्ट १९४५ या स्वातंत्र्यघोषणेच्या दिवसाची ती नोंद आहे. तेथे बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत, याची आठवण चिन्ह आणि संप्रदाय यांची गल्लत करणाऱ्यांनी ठेवावी.

गरुड उलटतो

दुसरा भोज हा कोल्हापूरच्या शिलाहारांचा शेवटचा राजा. पन्हाळा हे त्याचे बलस्थान होते. इ.स. १२१२ च्या सुमारास देवगिरीचा यादव राजा सिंघण याने त्याचा पराभव केला आणि शिलाहारांचे राज्य संपुष्टात आले. या विजयाचा उल्लेख यादवांच्या एका लेखात उपमेतून केला आहे. पन्हाळ्यावर राहणारा बलाढ्य भोजराजा हा सर्प आणि त्याला पळवून लावणारा सिंघण हा पक्षिराज गरुड, असे ती उपमा सांगते.

वरवर पाहता ही प्रशस्तिकाराची नेहमीची अतिशयोक्ती आहे. शत्रूला साप आणि विजेत्याला गरुड म्हणणे संस्कृत कवीला नवे नाही. पण ज्याच्याविषयी हे म्हटले, त्याच्या संदर्भात ती उपमा जिव्हारी लागणारी आहे. पन्हाळ्याच्या नावाची ‘पन्नगालय’ म्हणजे सर्पांचे घर अशी व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते. ‘भोज’ हे नावही ‘भोगी’ या सर्पवाचक शब्दाच्या अगदी जवळचे आहे. राजाचे नाव आणि दुर्गाचे नाव या दोन्हींतून साप सहज काढता येत होता आणि प्रशस्तिकाराने ती संधी सोडली नाही.

याहून खोल घाव कुलकथेवर आहे. शिलाहारांचा मूळपुरुष सापाच्या जागी शिळेवर बसला होता. त्याच्या शेवटच्या वंशजाला सिंघणाच्या कवीने पुन्हा त्याच जागेवर बसविले. फक्त या वेळी गरुडाला पश्चात्ताप होत नाही आणि गौरीही येत नाही. ज्या पक्ष्याला शिलाहारांनी त्यागाने जिंकल्याचे सांगितले, तो मुळात त्यांचा नव्हताच, असे जणू ही उपमा बजावते. त्यात भर म्हणजे यादवांच्या ध्वजावरही सुवर्णगरुडच होता. एकच कल्पित प्राणी दोन्ही सैन्यांच्या निशाणांवर होता. युद्धानंतर तो ज्याच्या हाती राहिला, त्याने त्याचा अर्थ ठरविला. प्रशस्तिकाराला कुलकथेचा हा धागा ठाऊक होता की उपमा योगायोगाने अचूक बसली, हे सांगण्यास पुरावा नाही. मात्र शिलाहारांच्या लेखांत जीमूतवाहनाचे नाव इतक्या वेळा घोकलेले आहे की, शत्रूच्या दरबारातील विद्वानाला ते माहीत नसणे अधिक आश्चर्याचे ठरेल.

कुरुंदवाडच्या पूर्वेस कृष्णाकाठी असलेल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात या सत्तांतराची खूण दगडावर आहे. मंदिराच्या दक्षिणद्वाराजवळ सिंघणाचा शके ११३६ (इ.स. १२१३–१४) चा देवनागरी शिलालेख असून त्यात मिरज प्रांतातील एक गाव कोपेश्वराला दान दिल्याची नोंद आहे. भोजाचा पराभव होऊन फार काळ लोटला नव्हता. नव्या राजाने जुन्या राजाच्या मुलखातील देवस्थान पाडले नाही की ओस टाकले नाही. त्याला उत्पन्न जोडून दिले आणि दारावर आपले नाव कोरले.

या मंदिरात शिवासमोर नंदी नाही. दक्षाच्या यज्ञाला जाताना सतीने नंदीला बरोबर नेले आणि रागावलेला शिव येथे वाहनाविना राहिला, अशी कथा परिसरात सांगतात. तो नंदी नदीपलीकडे यडूरला असल्याचे मानले जाते. मंदिर पाहावयास येणारे बहुतेक जण स्वर्गमंडपाचे मोकळे वर्तुळाकार छत पाहतात, पीठावरील हत्ती पाहतात, नंदी कोठे असे विचारतात आणि परत फिरतात. दक्षिणेच्या दाराशी थांबून सिंघणाच्या त्या ओळींकडे पाहणारे थोडे.