जुने आर्केड खेळ घरच्या कन्सोलवर : पोर्ट, इम्युलेशन आणि वेळेचा प्रश्न

सुमारे पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ किंवा ‘पॅक-मॅन’ आज कन्सोलवर काही मिनिटांत उतरवून घेता येतो. पडद्यावर चित्र तेच, आवाजही ओळखीचा. तरीही ज्यांनी हे खेळ मूळ यंत्रावर खेळले आहेत त्यांची एक तक्रार वारंवार ऐकू येते : ‘काहीतरी वेगळं वाटतंय.’ ही केवळ जुन्या दिवसांची हुरहूर आहे की मोजून दाखवता येईल असा फरक आहे, हे या पाठात पाहायचे आहे. उत्तर बव्हंशी दुसऱ्या बाजूचे आहे आणि ते समजण्यासाठी मायक्रोप्रोसेसरच्या प्राथमिक अभ्यासक्रमाइतकेच ज्ञान पुरते.

प्रथम दोन शब्दांतील भेद. ‘पोर्ट’ म्हणजे मूळ खेळ पाहून तो दुसऱ्या यंत्रासाठी नव्याने लिहिणे. ‘इम्युलेशन’ म्हणजे मूळ यंत्राचे वर्तन सॉफ्टवेअरमध्ये उभे करून त्यावर मूळ प्रोग्रॅम, एकही बाइट न बदलता, चालवणे. पोर्टमध्ये खेळाची नक्कल होते; इम्युलेशनमध्ये यंत्राची नक्कल होते आणि खेळ मूळचाच राहतो. एफपीजीए चिपवर मूळ मंडल पुन्हा रचण्याचा तिसरा मार्गही आहे, पण त्याचे तत्त्व दुसऱ्याच्या जवळचे असल्याने इथे त्याचा विस्तार करत नाही.

पोर्टचा काळ

१९८० साली ‘स्पेस इन्व्हेडर्स’ अटारी २६०० या कन्सोलवर आला. मूळ खेळात शत्रूंच्या ५ ओळी आणि ११ स्तंभ, म्हणजे ५५ आकृत्या. अटारीवर त्या ३६ झाल्या. कारण साधे होते. या कन्सोलमध्ये रॅम फक्त १२८ बाइट होती, आणि संपूर्ण चित्र साठवून ठेवायला जागाच नव्हती. टीव्हीची एकेक रेषा रंगत असताना पुढच्या रेषेत काय दाखवायचे ते प्रोसेसरने तिथल्या तिथे सांगायचे, अशी ती रचना. तरीही तो खेळ प्रचंड खपला, कारण प्रोग्रॅमरने कमी आकृत्यांतही मूळ खेळाचा ताण टिकवला होता.

१९८२ चा अटारीचा ‘पॅक-मॅन’ मात्र बदनाम झाला. त्या चिपमध्ये स्वतंत्रपणे हलणाऱ्या मोठ्या आकृत्यांसाठी दोनच जागा होत्या. पॅक-मॅन आणि चार भुते मिळून लागत होत्या पाच. उपाय असा काढला की चारही भुतांनी एकच जागा आळीपाळीने वापरायची. त्यामुळे प्रत्येक भूत चार चौकटींतून एकदाच दिसे, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ वेळा, आणि पडद्यावर ते सतत लुकलुकत राही. प्रोग्रॅमरला दोष देणे सोपे आहे. ४ किलोबाइटचे काडतूस आणि १२८ बाइट रॅम हातात देऊन हाच खेळ लिहायला सांगितले, तर आपल्यापैकी किती जण तेवढे तरी करू शकतील, हा विचार करून पाहावा.

भारतात १९९० च्या दशकात घराघरांत ‘टीव्ही गेम’ या नावाने जी यंत्रे आली, ती बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलच्या नकला होत्या. ‘९९९९ खेळ’ असे छापलेल्या काडतुसांत असलेला पॅक-मॅन हाही पोर्टच. मूळ पडदा उभा होता आणि घरचा टीव्ही आडवा, म्हणून त्या आवृत्तीत चक्रव्यूह दाबून बसवलेला आणि गुणफलक बाजूला सरकवलेला दिसतो. अनेकांच्या आठवणीतला ‘खरा’ पॅक-मॅन म्हणजे हीच आवृत्ती, हे थोडे गमतीचे आहे.

‘स्पेस इन्व्हेडर्स’चे यंत्र

आता इम्युलेशनकडे वळू. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हे यासाठी उत्तम उदाहरण आहे, आणि भारतातील विद्यार्थ्यांसाठी तर विशेष. जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकाडो यांनी १९७८ साली घडवलेले हे यंत्र इंटेल ८०८० या प्रोसेसरवर चालत असे. आपल्याकडच्या विद्यापीठांत वर्षानुवर्षे शिकवला जाणारा ८०८५ हा त्याचाच वारस. ८०८० च्या सर्व आज्ञा ८०८५ ला कळतात. ‘रिम’ आणि ‘सिम’ या दोन आज्ञा तेवढ्या नव्या. म्हणजे प्रयोगशाळेत किटवर जे शिकलो, तेवढ्या शिदोरीवर या खेळाचा इम्युलेटर लिहिता येतो.

प्रोग्रॅम ८ किलोबाइट रॉममध्ये आहे. रॅम ८ किलोबाइट. त्यातील १ किलोबाइट कामाची आणि ७ किलोबाइट चित्राची. हिशेब जुळतो का पाहा : ७ किलोबाइट म्हणजे ७१६८ बाइट, गुणिले ८ म्हणजे ५७,३४४ बिट, आणि पडदा २५६ गुणिले २२४, म्हणजे तितकेच बिंदू. एका बिंदूला एक बिट, रंग नाहीच. पडद्यावर दिसणारा हिरवा आणि तांबडा रंग काचेवर लावलेल्या पारदर्शक रंगीत पट्ट्यांचा होता. रॉममध्ये शोधून तो सापडणार नाही. इम्युलेटर लिहिणाऱ्याला तो वेगळा घालावा लागतो.

८०८० मध्ये एका आज्ञेत बिट एकच घर सरकवता येतात. आकृती एकेका बिंदूने हलवायची तर बिट सतत सरकवावे लागणार, आणि त्यात सगळा वेळ जाणार. म्हणून निशिकाडोंनी प्रोसेसरच्या बाहेर एक स्वतंत्र शिफ्ट रजिस्टर बसवले. पोर्ट ४ वर माहिती द्यायची, पोर्ट २ वर किती घरे सरकवायची ते सांगायचे आणि पोर्ट ३ वरून उत्तर वाचायचे. इम्युलेटरमध्ये हे विसरले, तर प्रोसेसर बिनचूक चालूनही पडद्यावर कचरा दिसतो.

आणखी एक बारकावा. प्रत्येक चौकटीत प्रोसेसरला दोन इंटरप्ट मिळतात : किरण पडद्याच्या मध्यावर आला की आरएसटी १ आणि चौकट पूर्ण झाली की आरएसटी २. किरण एका अर्ध्या भागात असताना प्रोग्रॅम दुसऱ्या अर्ध्या भागातील चित्र बदलतो, म्हणजे आकृती मधोमध फाटलेली दिसत नाही. घड्याळ सुमारे २ मेगाहर्ट्झ आणि सेकंदाला सुमारे ६० चौकटी, म्हणजे चौकटीला ढोबळमानाने ३३,००० चक्रे. इम्युलेटर साधारण १६,५०० चक्रे चालवतो, पहिला इंटरप्ट देतो, उरलेली चालवतो, दुसरा देतो. नंतर चौकटीचा वेळ संपेपर्यंत थांबतो. आजच्या प्रोसेसरसाठी प्रत्यक्ष काम नगण्य आहे. त्याचा बहुतेक वेळ थांबण्यातच जातो.

शत्रूंची फौज जसजशी कमी होते तसतशी ती वेगाने सरकू लागते, हे या खेळाचे सर्वांत प्रसिद्ध वैशिष्ट्य. त्यामागे वेग वाढवणारी आज्ञा शोधायला गेलात तर हाती फारसे लागणार नाही. प्रोग्रॅम एका चौकटीत एकच आकृती हलवतो. ५५ आकृत्या असताना सगळी फौज एक पाऊल टाकायला ५५ चौकटी, म्हणजे जवळजवळ एक सेकंद लागतो; दहा उरल्या की दहाच चौकटी. यंत्राच्या मर्यादेतून आलेला हा परिणाम निशिकाडोंनी तसाच ठेवला आणि खेळाचा सगळा थरार त्यातून निर्माण झाला. पोर्ट लिहिणारा वेगवान यंत्रावर सर्व आकृत्या एकदम हलवू शकतो. मग हा वेग त्याला मुद्दाम गणिताने घालावा लागतो आणि तो नेमका तसाच येईल याची खात्री नसते. इम्युलेशनमध्ये तो आपोआप येतो.

खरेपणा तपासायची एक जुनी युक्ती आहे. वरून जाणाऱ्या तबकडीचे गुण नशिबावर अवलंबून असतात असे वाटते, पण ते आपण झाडलेल्या गोळ्यांच्या संख्येवरून ठरतात. २३ वी गोळी, आणि त्यानंतर दर १५ वी गोळी तबकडीला लागली तर ३०० गुण मिळतात. आपल्या कन्सोलवरच्या आवृत्तीत हे घडत नसेल, तर आत मूळ प्रोग्रॅम चालत नाही असे समजावे.

आवाजाची गोष्ट मात्र वेगळी. या यंत्रात आवाजाचा प्रोग्रॅम नव्हताच. गोळी, स्फोट आणि पावलांचा तो धडधडता ठेका ॲनालॉग मंडलांतून निघे. प्रोसेसर फक्त ‘वाजव’ एवढेच सांगे. म्हणून इम्युलेटरांनी बरीच वर्षे खऱ्या यंत्रावरून ध्वनिमुद्रित केलेले तुकडे वापरले. म्हणजे ‘मूळ यंत्र जसेच्या तसे’ हा दावा आवाजाच्या बाबतीत तेव्हा तरी अर्धाच खरा होता.

पॅक-मॅन आणि एक टक्का

नाम्कोचा ‘पॅक-मॅन’ १९८० चा. रचनाकार तोरू इवातानी. प्रोसेसर झेड-८०, वेग ३.०७२ मेगाहर्ट्झ, पडदा उभा, २२४ गुणिले २८८ बिंदूंचा. या यंत्राच्या चौकटी सेकंदाला ६०.६०६ आहेत, तर घरचा टीव्ही बहुधा ६० चौकटी दाखवतो. आता दोनच पर्याय उरतात. खेळ मूळ वेगाने चालवला, तर साधारण दर १.६५ सेकंदांनी एक चौकट गाळावी लागते आणि हालचालीत बारीक ठेच जाणवते. टीव्हीच्या वेगाशी जुळवून घेतले, तर हालचाल गुळगुळीत होते, पण खेळ बरोबर १ टक्का सावकाश चालतो. माझ्या मते बहुसंख्य खेळाडूंसाठी दुसरा पर्यायच बरा. उच्चांकांची नोंद ठेवणारे मात्र तो मान्य करणार नाहीत आणि त्यांचेही चूक नाही.

भुतांचे वागणे बहुतांशी ठरलेले असते. ती निळी होऊन पळतात तेव्हा वळणे यादृच्छिक वाटतात, पण तो संख्याक्रमही प्रत्येक पातळीच्या आणि प्रत्येक जीवाच्या आरंभी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे त्याच क्षणी तीच वळणे घेतली की भुतेही तशीच वागतात. पाठ केलेल्या मार्गांवर खेळणाऱ्यांचे सारे कौशल्य याच गोष्टीवर उभे आहे. प्रोग्रॅममधील चुकाही इम्युलेशनमध्ये टिकतात. पॅक-मॅन वर तोंड करून असला की गुलाबी भूत त्याच्या पुढच्या चार घरांऐवजी चार घरे वर आणि चार घरे डावीकडे असलेल्या जागेवर नेम धरते. २५६ व्या पातळीवर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरे आणि चिन्हांच्या गोंधळाने भरतो, कारण फळे काढणाऱ्या भागात पातळीचा आकडा आठ बिटांत मावत नाही. तो शून्य होतो आणि फळे काढण्याची फेरी २५६ वेळा चालते. चांगल्या हेतूने ही चूक दुरुस्त करणारा पोर्ट हा वेगळा खेळ होय.

पडदा आणि हात

उभे चित्र आडव्या टीव्हीवर बसवताना आणखी एक साधे गणित आडवे येते. १०८० रेषांच्या पडद्यावर २८८ रेषा बसवायच्या तर गुणक ३.७५ येतो. पूर्ण पडदा भरला, तर मूळचे काही बिंदू चार आणि काही तीन रेषांचे होतात आणि कडा ओबडधोबड दिसतात. तिप्पट ठेवले, तर ८६४ रेषांचे नेटके चित्र मिळते, पण वरखाली काळी पट्टी राहते. हातात धरायचे कन्सोल उभे करून खेळण्याची सोय म्हणूनच उपयोगी पडते.

‘काहीतरी वेगळं वाटतंय’ या तक्रारीचे मुख्य कारण मात्र विलंब हे आहे. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यावर संकेत येताच किरण उमटे. आज कळ दाबल्यापासून बिनतारी कंट्रोलर, कन्सोलची प्रणाली, इम्युलेटर आणि टीव्हीची चित्रप्रक्रिया असा प्रवास होतो. एकूण चार चौकटींचा विलंब धरला तर तो सुमारे ६७ मिलिसेकंद भरतो. पॅक-मॅन पहिल्या पातळीवर चौकटीला जवळपास एक बिंदू सरकतो, म्हणजे तेवढ्यात तो चार बिंदू पुढे गेलेला असतो. चक्रव्यूहातले घर आठ बिंदूंचे आहे. वळणाच्या तीन-चार बिंदू आधी दांडी वळवली तर कोपरा कापून भुतांपासून थोडे अंतर मिळवता येते. ते अंतर या विलंबात नाहीसे होते. हाताला जे जाणवते ते हेच.

यावर एक चतुर उपाय आहे. इम्युलेटर यंत्राची पूर्ण स्थिती जतन करतो, सध्याची कळ तशीच दाबलेली आहे असे धरून पुढची एक-दोन चौकटी गुपचूप चालवतो, शेवटची चौकट दाखवतो आणि पुन्हा जतन केलेल्या स्थितीवर येतो. अनेक जुने खेळ कळ दाबल्यावर एक-दोन चौकटींनंतरच प्रतिसाद देत असल्याने तेवढा काळ वाचवता येतो. ज्या यंत्राची सगळी रॅम ८ किलोबाइट आहे, त्याची स्थिती सेकंदाला साठ वेळा जतन करणे काहीच कठीण नाही.

हक्कांचा प्रश्न

निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली सुरू केलेला ‘मेम’ हा प्रकल्प आर्केड यंत्रांच्या नोंदी जतन करण्याच्या हेतूने वाढला आणि २०१६ मध्ये तो मुक्त परवान्याखाली आला. इम्युलेटर मुक्त असला तरी खेळांचे रॉम मुक्त होत नाहीत. भारतातही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमला साहित्यकृती म्हणून संरक्षण आहे. हॅमस्टर कंपनीच्या ‘आर्केड आर्काइव्ज’सारख्या मालिकांतून परवाना घेतलेले खेळ कन्सोलवर मिळतात, पण परवाना मिळेल तेच. आपल्याकडच्या गेम पार्लरांत ‘मुस्तफा’ या नावाने गाजलेला कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ एका चित्रकथेच्या परवान्यावर बेतलेला होता. तो आर्केड खेळ त्या काळच्या कोणत्याही घरगुती कन्सोलवर अधिकृतपणे आलाच नाही. मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत ज्यांनी त्यावर सुट्टे पैसे खर्च केले, त्यांना तो रीतसर विकत घेऊन खेळण्याचा मार्ग वर्षानुवर्षे मिळाला नाही.

प्रात्यक्षिक

विलंब मोजायला महाग उपकरण लागत नाही. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाइल कॅमेरा पुरतो. कंट्रोलरची कळ आणि पडदा एकाच चौकटीत येतील असे चित्रण करा आणि अंगठा कळीवर पूर्ण दाबला गेल्यापासून पडद्यावर गोळी दिसेपर्यंत चित्रे मोजा. प्रत्येक चित्र ४.१७ मिलिसेकंदांचे, २२ चित्रे आली तर विलंब सुमारे ९२ मिलिसेकंद, म्हणजे खेळाच्या साडेपाच चौकटी. निदान दहा वेळा मोजून सरासरी घ्या, कारण कळ चौकटीच्या आरंभी दाबली की शेवटी, यावर उत्तर एका चौकटीने बदलते. नंतर टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करून पुन्हा मोजा, आणि मग कंट्रोलर तारेने जोडून. दोन-दोन मोजणींतील फरक म्हणजे त्या त्या टप्प्याचा वाटा.