अंगणातली लाँच

दाभोळच्या खाडीकाठच्या गावांना धड रस्ते नव्हते, तेव्हा माणसे लाँचनेच फिरत. चिपळूणचा किराणा, मुंबईहून आलेले चाकरमानी, आंब्याच्या पेट्या, लग्नाची वरात, सारे पाण्यावरून येई. आमच्या मरहूम अब्बांची अशीच एक लाकडी लाँच होती. 24 फुटी, सागाच्या फळ्यांची, मधोमध एका सिलिंडरचे डिझेल इंजिन. घरोघर एसटी पोचली आणि उतारू संपले, तरी अब्बांनी ती विकली नाही. त्यांच्या इंतकालानंतर आम्ही भावांनी ती ओढून घरामागच्या परड्यात आणली आणि पावसापासून वाचावी म्हणून वर निळी प्लास्टिकची ताडपत्री करकचून बांधली. चार पावसाळे ती तशीच राहिली.

ताडपत्री सोडली त्या दिवशी आत अळंब्यांचा वास भरला होता. मागच्या बाजूच्या आडव्या लाकडात बोट घातले तर ते सरळ आत गेले. जळाऊ लाकडाच्या भावाने न्यायला एक जण तयार होता. कुवेतहून मोठ्या भाईजाननी फोनवर सांगितले, "देऊन टाका. फायबरची नवी घेऊ, निम्मे पैसे माझे." आम्ही जवळजवळ होकार दिला होता. अम्मी तांदूळ निवडता निवडता एवढेच म्हणाली, "याच लाँचमधून मी या घरात आले." पुढे कोणी विकण्याची गोष्ट काढली नाही.

शेजारच्या वाडीत होड्या बांधणारे एक म्हातारे मेस्त्री आहेत. आता त्यांचा हात थरथरतो. ते म्हणाले, "मी खुर्चीवर बसून सांगेन, करायचं तुम्ही." पहिल्याच दिवशी ताडपत्रीवरून त्यांनी आम्हाला असे झापले की काय सांगावे! "पोराला रेनकोट घालून निजवता का रे?" लाकूड कुजते ते बुरशीने. बुरशीला हवे असते गोडे पाणी आणि कोंडलेली हवा. खारे पाणी तिला मानवत नाही. म्हणून जुने लोक पावसाळ्यात होडीवर झावळ्यांची झापे घालत, वारा खेळता ठेवत आणि आतल्या सांदीकोपऱ्यात जाडे मीठ टाकत. आम्ही मायेने घट्ट बांधले होते. तिची निम्मी दुखणी त्या मायेतली होती.

काम सुरू झाले ते हत्याराने नव्हे, दोरीने. लाँच ओंडक्यांवर चढवली आणि नाळेपासून मागच्या टोकापर्यंत तळाच्या कण्याखाली दोरी ताणली. या कण्याला मेस्त्री ‘पठाण’ म्हणतात, त्यावर धाकटा दिवसभर हसत होता. कणा मधे वर आला होता, दोन्ही टोके खाली झुकली होती. लाकडी पाचरी ठोकून टोके हळूहळू उचलायची, आठवड्याला अर्धे बोट. घाई केली तर फळ्यांचे खिळे निसटतात. कणा सरळ होईपर्यंत एकही फळी काढू दिली नाही.

मग तपासणी. हातोडीने फळीवर टकटक करायचे. टणक आवाज आला तर लाकूड निरोगी, थप्प आला की खडूने खूण. टोच्याने टोचून खात्री करायची. वरून धडधाकट दिसणाऱ्या किती तरी फळ्या खिळ्यांपाशी काळ्या आणि भुसभुशीत निघाल्या. लोखंडी खिळा गंजतो तेव्हा तो आपल्याभोवतीचे लाकूडही खातो. एकूण सात फळ्या आणि तीन वाक, म्हणजे बरगड्या, बदलाव्या लागल्या. बरगड्यांसाठी मेस्त्रींनी बाभळीच्या मुळातच वाकड्या फांद्या निवडायला लावल्या. सरळ लाकूड कापून वाकडे केले तर त्याचे धागे तुटतात आणि ते ताण सोसत नाही.

फळी वाकवणे ही खरी कसोटी. नवी फळी दोन दिवस खाडीत बुडवून ठेवायची, मग नारळाच्या सोडणांच्या मंद विस्तवावर शेकत, वरून पाणी शिंपडत वाकवायची. आमची पहिली फळी कडकन मोडली. सागाचे पैसे आठवून आम्ही सगळे गप्प. दुसरी बसली. खिळे तांब्याचे घेतले. आधी बारीक भोक पाडायचे, नाहीतर लाकूड फुटते, आणि आतल्या टोकावर चकती घालून ठोकून चपटे करायचे. शेजारशेजारच्या फळ्यांचे सांधे एकाच वाकेवर येऊ द्यायचे नाहीत.

एक गोष्ट घरच्या लोकांनी लक्षात ठेवावी. जुना रंग खरवडताना तळाशी नारिंगी थर लागला. तो शेंदराचा, म्हणजे शिशाचा. असा रंग कोरडा घासायचा नाही, ओला करून खरवडायचा, तोंडाला मास्क लावायचा, मुलांना जवळ येऊ द्यायचे नाही. पाणी तापवण्याच्या चुलीसाठी अम्मीने ढलप्या मागितल्या, त्याही दिल्या नाहीत. त्यांचा धूरसुद्धा विषारी.

एका शुक्रवारी मेस्त्री आले नव्हते. धाकट्याने वेळ वाचवायला दोन फटींत दगडासारखी कडक होणारी लांबी भरली. दिसायला झकास! शनिवारी मेस्त्रींनी ती छिन्नीने टोकरून काढायला लावली, दोन दिवस गेले. कारण सोपे आहे. सुकलेली फळी पाण्यात गेल्यावर फुगते. तिला फुगायला जागा नसेल तर ती शेजारणीला ढकलते, बरगड्यांवरून खिळे उपटते. म्हणून फटीत कापसाची वात बोथट छिन्नीने ठोकायची, तीही बेताने, आणि वरून राळ व तेल उकळून केलेला मऊ लेप. शेवटी बाहेरून काजूच्या टरफलांचे तेल. हातमोजे हवेतच, त्याने कातडी सोलवटते. आमच्यातल्या एकाच्या मनगटावर डाग अजून आहे.

मासेमारीची बंदी 31 जुलैला संपते. त्यानंतरच्या मोठ्या भरतीला लाँच पाण्यात घातली, बिस्मिल्लाह म्हणून. अर्ध्या तासात आत गुडघाभर पाणी! कुवेतहून व्हिडिओ कॉलवर भाईजान ओरडत होते, "बुडाली, बुडाली!" मेस्त्री काठावर विडी ओढत बसले होते. "पिऊ दे तिला. चार वर्षांची तहान आहे." दोन रात्री आम्ही पाळीपाळीने पंप चालवला. तिसऱ्या दिवशी फजरच्या नमाजानंतर कंदील घेऊन गेलो, तर तळाशी तांब्याभर पाणी होते. फटी मिटल्या होत्या.

इंजिन अजून चिपळूणच्या गॅरेजमध्ये आहे. अम्मी रोज संध्याकाळी काठावर येते, लाँचला हात लावून बघते आणि विचारते, "कधी सुरू होणार?"