मुलासाठी पहिले व्हायोलिन निवडताना

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सामध्ये अथवा विवाहविधीच्या वेळी व्हायोलिनचे सूर कानी पडले की अनेक मुलांना ते वाद्य शिकण्याची ओढ लागते. द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात (अनुच्छेद १२०) पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि पवित्र उपासनेस साजेशी अन्य वाद्ये वापरण्यासही अधिकाऱ्यांच्या संमतीने अनुमती दिली. गोव्यातील धर्मग्रामांच्या संगीतशाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविण्याची परंपरा तर जुनीच आहे. मजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक म्हणून नावारूपास आले आणि संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य झाले.

असे असूनही कित्येक मुले वर्षभरात शिक्षण सोडतात. 'मुलाला कान नाही', असा निष्कर्ष घरचे काढतात. पुष्कळदा दोष मुलाच्या कानाचा नसून हातातील वाद्याचा असतो. म्हणूनच खरेदीपूर्वी पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

आधी शिक्षक, मग वाद्य

पाश्चात्त्य आणि हिंदुस्थानी अशा दोन्ही पद्धतींत व्हायोलिन एकच असले तरी तारा लावण्याची व वाद्य धरण्याची रीत भिन्न आहे. पाश्चात्त्य पद्धतीत ते खांद्यावर धरतात; हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो व वाद्याचे टोक पायावर टेकवितो. म्हणून प्रथम शिक्षक ठरवावा आणि शक्य असल्यास त्यांनाच सोबत घेऊन दुकानात जावे.

आजच्या हाताचे माप

'मूल वाढणारच आहे, मोठेच घेऊ', हा विचार कपड्यांच्या बाबतीत चालतो, व्हायोलिनच्या बाबतीत नाही. पूर्ण आकाराच्या वाद्याच्या पेटीची लांबी सुमारे ३५.५ सेंटिमीटर असते. मुलांसाठी पाऊण, अर्धा, पाव, एक अष्टमांश आणि त्याहूनही लहान आकार मिळतात. या संख्या केवळ आकारांची नावे आहेत. अर्धे व्हायोलिन लांबीने निम्मे नसते.

मुलाचा डावा हात खांद्याच्या उंचीवर बाजूला सरळ पसरावा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत अंतर मोजावे. ते साधारण ५८ ते ६० सेंटिमीटर भरल्यास पूर्ण आकार चालतो. त्यानंतर वाद्य हनुवटीखाली धरून पाहावे. वाद्याच्या टोकावरील गुंडाळीभोवती बोटे सहज वळली पाहिजेत आणि कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. दोन आकारांत संभ्रम पडल्यास लहान घ्यावे. मोठ्या वाद्यावर बोटे ताणावी लागतात, खांदा दुखतो, स्वर चुकतात आणि चुकीची ठेवण पुढे सुटत नाही.

पेटीवरील नाव आणि आतील जुळणी

काही घरांत आजोबांचे व्हायोलिन जपून ठेवलेले असते आणि आत 'स्त्रादिवारियस' असा कागद चिकटविलेला असतो. क्रेमोना येथील आंतोनियो स्त्रादिवारी १७३७ साली निवर्तले. परंतु त्यांच्या नमुन्यावर बनलेल्या कारखान्यांतील असंख्य वाद्यांतही असे कागद लावलेले आढळतात. त्या कागदावरून किंमत ठरवू नये. मात्र जुने वाद्य टाकाऊही समजू नये. पेटीला तडा नसेल तर दुरुस्तीनंतर ते नव्याहून सरस ठरू शकते.

चांगल्या व्हायोलिनचा वरचा भाग स्प्रूसच्या आणि पाठ मेपलच्या लाकडाची असते. बोटे ठेवण्याची पट्टी कठीण शिसवी जातीच्या लाकडाची असावी. स्वस्त वाद्यांत साध्या लाकडाला काळा रंग दिलेला असतो. खुंट्या सहज फिराव्यात आणि फिरविल्या जागी थांबाव्यात. घोडी फार उंच असल्यास तार दाबताना कोवळी बोटे दुखतात. वाद्याच्या आत एक लाकडी काडी केवळ दाबाने उभी असते. इटालियन भाषेत तिला 'आत्मा' म्हणतात. ती पडलेली असेल तर सूर निर्जीव होतो. म्हणून सर्व तारा एकदम कधीही उतरवू नयेत.

गजाची काठी घोड्याच्या केसांच्या दिशेने किंचित आत वळलेली असावी; बाजूला झुकलेली नसावी. वादनानंतर गज सैल करावा. नव्या गजाला राळ लावल्याखेरीज आवाजच निघत नाही, हे ठाऊक नसल्याने काही पालक पहिल्याच दिवशी घाबरतात! आपल्याकडील पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, सांधे सुटू शकतात. अशा वेळी जोर करू नये, जाणकाराकडे न्यावे. घरगुती गोंद तर मुळीच लावू नये.

एकाचे वाद्य, अनेकांचे शिक्षण

लहान आकाराचे व्हायोलिन मुलाला जेमतेम एक-दोन वर्षे पुरते. त्यानंतर ते कपाटावर धूळ खात पडते आणि शेजारच्याच घरातील एखादे मूल केवळ पैशांअभावी संगीतापासून वंचित राहते. वापरून झालेली अशी वाद्ये धर्मग्रामात जमा करून गायकवृंदाच्या देखरेखीखाली गरजू मुलांना आळीपाळीने देता येतील. खर्च वाचेल आणि मोठ्या आकाराची चुकीची खरेदीही टळेल. ज्यांच्या घरी असे व्हायोलिन पडून असेल, त्यांनी आपल्या प्रमुख धर्मगुरूंशी किंवा गायकवृंदाच्या संचालकांशी अवश्य बोलावे.