पाणबुडी गोल का असते?

पनवेलहून मुंबईला जाणारी हार्बर मार्गावरची लोकल तुमच्यापैकी काहींच्या परिचयाची असेल. प्रवास संपत आला की डॉकयार्ड रोड स्थानक लागते. तेथून जवळच माझगाव गोदी आहे. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी, 'शल्की', याच गोदीत तयार झाली. आराखडा जर्मन, हात मात्र आपले! 1989 साली ती पाण्यात उतरली आणि 1992 साली नौदलात दाखल झाली.

पाणबुडीचे मुख्य कवच नळकांड्यासारखे गोल असते. खोलीसारखे चौकोनी का नसते? एक हिशेब करू. पाण्यात दर 10 मीटर खोलीला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. समजा, पाणबुडी 300 मीटर खोल गेली. आत माणसे असल्यामुळे हवेचा दाब नेहमीसारखाच असतो; बाहेरचा दाब मात्र त्याहून 30 वातावरणांनी अधिक. म्हणजे दर चौरस मीटरवर सुमारे 300 टन भार. तुमच्या वर्गाच्या दारावर 600 टन! सपाट भिंत असा भार पडताच वाकेल. वर्तुळाकार कवचात मात्र, दगडी कमानीप्रमाणे, तो भार कवचाच्या कडेकडेने वाटला जातो. पोलाद वाकत नाही, नुसते दाबले जाते.

पण येथे एक मेख आहे. फुग्यात दाब आतून असतो. तो फुग्याला गोलच ठेवतो. बाहेरचा दाब उलट वागतो. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या, पातळ, रिकाम्या बाटल्या घ्या. एकीला बोटाने किंचित पोचा पाडा. आता दोन्हींतील हवा तोंडाने ओढून पाहा. पोचा असलेली लवकर चेपेल, आणि बहुधा तेथेच चेपेल. बाहेरचा दाब लहान दोष मोठा करतो.

म्हणूनच गोदीतील खरी कसोटी गोलाई राखण्याची असते. जाड पोलादी पत्रे यंत्रात वाकवून त्यांची कडी करतात, आतून आधाराच्या पोलादी फासळ्या जोडतात आणि अशी कडी एकापुढे एक जोडून कवच बनवतात. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलाद थोडे ओढले जाते. त्यामुळे माप पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. सांध्यातील पोकळी डोळ्यांना दिसत नाही. ती क्ष-किरणांनी व श्राव्यातीत ध्वनिलहरींनी शोधतात. दोष सापडला तर सांधा खरवडून पुन्हा जोडायचा. 2017 साली नौदलात दाखल झालेली 'कलवरी'ही याच गोदीत अशाच शिस्तीत घडली. वेल्डर घरी जातो, पण त्याच्या सांध्याच्या भरवशावर पुढे अनेक वर्षे माणसे समुद्राच्या पोटात राहतात.

जाता जाता एक प्रश्न. संकटात सर्व नाविकांना वर आणण्यासाठी 'शल्की'त एक सुटका-कक्ष बसवलेला आहे. तो नळकांड्यासारखा नाही, चेंडूसारखा गोल आहे. असे का केले असेल? उत्तर शोधा आणि आपल्या शिक्षकांशी पडताळून पाहा.