तुसाच्या राखेचे काँक्रीट

गोंदिया-भंडाऱ्याकडे भाताच्या गिरणीजवळून कधी गेला असाल, तर तुसाचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. तूस म्हणजे कोंडा नव्हे. कोंडा गुरे आवडीने खातात, तुसाला मात्र ती तोंड लावीत नाहीत. उकिरड्यावर टाकले तरी ते लवकर कुजत नाही. असे का बरे? भाताची मुळे पाण्याबरोबर जमिनीतील विरघळलेली सिलिका शोषून घेतात आणि तिचा बराच साठा तुसात होतो. वाळू ज्या पदार्थाची असते, तोच हा पदार्थ!

१०० किलो भातापासून सुमारे २० किलो तूस निघते. ते पुरते जाळले की सुमारे ४ किलो राख उरते आणि तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते.

आता सिमेंटकडे वळू. सिमेंट करताना चुनखडी व चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायॉक्साइड बाहेर पडतो. (रेणुभार मांडून हा आकडा तुम्हीच काढून पाहा.) भट्टीतल्या इंधनाचा धूर तो निराळाच. माणसाच्या उद्योगांमुळे जगात जेवढा हा वायू हवेत जातो, त्यापैकी ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटपायी जातो.

सिमेंटमध्ये पाणी घातले की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. एक कॅल्शिअम सिलिकेट हायड्रेट. वाळू आणि खडी यांना घट्ट धरून ठेवतो तो हाच. दुसरा कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, म्हणजे पानवाल्याकडचा चुना! बळकटीच्या दृष्टीने त्याचा फारसा उपयोग नाही. पण तेथे राखेतील सिलिका असेल, तर ती या चुन्याशी संयोग पावते आणि पहिलाच उपयुक्त पदार्थ आणखी तयार होतो. रोमन लोक पोझ्झुओली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळत, आपल्याकडचे गवंडी विटांची सुरखी मिसळत, त्यामागचे रसायनही हेच.

मग वाटेल ती राख चालेल का? आम्हांलाही तसेच वाटले होते. एकदा विद्यार्थ्यांनी वीटभट्टीतून तुसाची राख आणली, सिमेंटचा पाचवा हिस्सा कमी करून तिथे ती घातली आणि ठोकळे पाडले. २८ दिवसांनी हातोडीच्या दोन घावांत ठोकळ्याचा भुगा! मुले हिरमुसली. मीही.

चूक कोठे झाली? शाळेत प्रार्थनेला मुले हातात हात गुंफून रांगेत उभी आहेत अशी कल्पना करा. त्यांतून एकाला ओढून काढणे कठीण. मधल्या सुट्टीत मात्र कोणालाही सहज बाजूला नेता येते. तुसातील सिलिका मुळात अशीच विस्कळीत, अस्फटिकी असते. तूस सुमारे ७०० अंशांखाली जाळले तर ती तशीच राहते. त्याहून जास्त उष्णतेत बराच वेळ राहिली, की अणू रांगा धरतात, स्फटिक बनतात आणि चुना त्यांना सहजासहजी हलवू शकत नाही. शिवाय आमची राख दळलेली नव्हती. सच्छिद्र कणांनी पाणी पिऊन टाकले, आम्ही आणखी पाणी ओतले आणि काँक्रीट अधिकच कमजोर झाले.

बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पी. के. मेहता यांनी १९७०च्या दशकात तुसाच्या राखेच्या सिमेंटवर महत्त्वाचे काम केले. भारतीय मानक आयएस ४५६ (इ.स. २०००) यातही काँक्रीटमध्ये ही राख वापरण्यास मुभा आहे. योग्य जाळलेली, बारीक दळलेली राख सिमेंटच्या १० ते २० टक्के जागी सहसा चालते. उसाच्या चिपाडाच्या राखेवरही असेच प्रयोग झाले आहेत. अडचण आहे ती उष्णतेवर ताबा ठेवण्याची. गिरणीच्या बॉयलरला वाफ हवी असते, राखेची प्रत कोण पाहणार? आणि जास्त जळालेल्या राखेतील स्फटिकी सिलिकेची धूळ वर्षानुवर्षे श्वासाबरोबर आत गेली, तर फुप्फुसांना घातक ठरते.

राखेची परीक्षा शाळेतही घेता येईल. मात्र शिक्षकांसमोर, हातमोजे घालून आणि नाकातोंडाला फडके बांधून. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. दोन-तीन ठिकाणची राख आणा, पाणी शिंपडून ओलसर करा, खलात बारीक करा आणि चुन्यात मिसळून निरनिराळे गोळे करा. एक गोळा नुसत्या चुन्याचा ठेवा. तीन आठवडे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यावर सगळे गोळे पाण्यात सोडा. नुसत्या चुन्याचा गोळा विसविशीत होईल. जो टणक राहील, त्याची राख कोणत्या चुलीतली वा भट्टीतली, ते वहीत टिपून ठेवा.