बारा वर्षे चाललेले एक साल

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मुलुंडातल्या कित्येक घरांत तबकात मांडला जाणारा राणीछाप रुपया बहुधा आजेसासूकडून सुनेकडे आणि तिच्याकडून पुढच्या सुनेकडे आलेला असतो. त्याच्यावरचा मुकुटधारी चेहरा सर्वांच्या परिचयाचा असतो, उलट बाजूवरचे 1862 हे सालही पुष्कळांनी वाचलेले असते. परंतु त्या सालाच्या वर किंवा खाली बाजरीच्या दाण्याहूनही बारीक असा एखादा ठिपका उमटलेला आहे की नाही, हे पाहण्याची कोणाला सहसा गरज वाटत नाही. माझ्या मते त्या ठिपक्याची किंमत त्यातल्या चांदीहून अधिक आहे. कारण ज्या रुपयावर 1862 असे कोरलेले आहे तो 1862 मध्येच पाडलेला असेल असे मुळीच नाही. हे एकच साल टांकसाळीने 1874 पर्यंत चालविले, आणि खरे वर्ष कोणते याची खूण मुंबईच्या टांकसाळीने त्या ठिपक्यांत ठेवून दिली.

साल असे गोठवून ठेवण्याची चाल इंग्रजांच्या हिंदुस्थानातील नाणेपद्धतीत जुनी होती, आणि तिचे मूळ सराफाच्या पेढीवर सापडते. मोगल अमदानीत रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असे. चालू सनाचा रुपया पूर्ण भावाने जाई, आणि दोनचार सने उलटली की तोच रुपया, वजनात गुंजभरही न घटता, बट्टा कापून घेतला जाई. ह्या बट्ट्याचा भार शेवटी रयतेवर आणि सरकारी वसुलीवर पडत असल्यामुळे कंपनी सरकारने बंगाल्यात 1793 मध्ये शाह आलमच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्षच कायम धरण्याचा हुकूम केला. पश्चिमेकडच्या सुरती रुपयावर त्याच बादशहाचे सेहेचाळिसावे वर्ष असेच स्थिर झाले. पुढे 1835 मध्ये सर्व मुलखाला एकच नाणे लागू झाले, तरी सवय सुटली नाही. राणीच्या नावाचा पहिला रुपया 1840 हे साल मिरवीत 1861 पर्यंत निघत राहिला, आणि 1862 च्या रुपयाने तोच शिरस्ता पुढे चालविला.

यात मुंबईची गोष्ट वेगळी होते ती त्या काळच्या कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 पासून लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हाती कल्पनेबाहेरचा पैसा आला. तो पैसा मोठ्या अंशाने चांदीच्या रूपाने बंदरात उतरे आणि तेथून किल्ल्यातल्या टांकसाळीत जाई. बाँबे इंजिनिअर्सच्या मेजर हॉकिन्स यांनी टाउन हॉलच्या शेजारी बांधलेली ही इमारत आजही तेथेच उभी आहे. बोरीबंदर ते ठाणे हा 1853 चा लोहमार्ग 1863 मध्ये बोरघाट आणि 1865 मध्ये थळघाट ओलांडून देशावर पोहोचला, आणि खानदेशाच्या कापसाचे गठ्ठे आजच्या मुलुंडावरून, जेथे तेव्हा मुख्यतः शेते आणि आगरे होती, बंदराकडे जाऊ लागले. त्या कापसाची किंमत चुकती करणारा रुपया 180 ग्रेन वजनाचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा होता, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी होती. 1865 च्या जुलैत सट्ट्याचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या. टांकसाळीचे यंत्र मात्र तेच साल कोरलेले रुपये पाडीत राहिले.

एवढ्या कामाला एक ठसा पुरत नाही. पोलादाचा ठसा काही हजार आघातांनंतर झिजतो, त्याला तडे जातात, तो बदलावा लागतो. आणि प्रत्येक नवा ठसा मूळ नमुन्यावरून घेतलेला असला तरी जे अंक, अक्षरे किंवा ठिपके हाताने ठोकून बसविलेले असतात ते एका ठशावरून दुसऱ्यावर तंतोतंत जुळत नाहीत. मेजर प्रिडमोर यांनी ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या नाण्यांवरील आपल्या ग्रंथमालेत ह्या रुपयांची जी वर्गवारी केली, तीवरच आजच्या सूचींची बरीचशी उभारणी आहे. प्रथम राणीच्या मुखवट्याचा प्रकार ठरवावयाचा, आणि त्यासाठी तिच्या पोषाखाच्या पुढच्या पट्टीतील कलाकुसर मोजावयाची. मग उलट बाजूच्या वेलबुट्टीतील वरच्या फुलाच्या पाकळ्या पाहावयाच्या. आणि त्यानंतर सालाच्या वर किती व खाली किती ठिपके आहेत ते नोंदवावयाचे. सूचीत हे ठिपके वरचे आधी व खालचे नंतर अशा दोन अंकांत मांडतात. एखादी जोडणी सर्रास मिळते, एखादी वर्षानुवर्षे दृष्टीस पडत नाही, आणि एकाच सालाच्या दोन रुपयांच्या बाजारभावात जे महदंतर पडते त्याचे कारण ह्या क्षुद्र दिसणाऱ्या ठिपक्यांत असते.

येथे सावधगिरीची दोन अक्षरे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हौशी संग्राहक जेथे चुकतो ती जागा हीच आहे. ठशातला दोष आणि नाण्यावरचा अपघात यांतला विवेक हा ह्या विद्येचा पाया होय. ठसा म्हणजे उलटी प्रतिमा. ठशावर चरा पडला तर तो प्रत्येक नाण्यावर उंचावलेली रेघ होऊन उमटतो, उलट नाण्यावर मागाहून पडलेला चरा पृष्ठभागात खोल जातो. ठशाला तडा गेला असेल तर काठापासून आत शिरणारी वेडीवाकडी उंच रेघ दिसते, आणि ठसा वापरात राहील तसतशी ती वाढत जाते. त्यामुळे एकाच ठशाची चारपाच नाणी हाती आली तर त्यांतले आधीचे कोणते व नंतरचे कोणते हेही सांगता येते. अक्षर दुहेरी उमटले असेल तर तसेच दुसरे नाणे शोधावे. तेच दुहेरीपण तेथे जसेच्या तसे असेल तर ते ठशाचे. नसेल तर तो त्या एका आघाताचा घसरा. एकाच नाण्यावरून ठशाचा प्रकार जाहीर करणाऱ्याने निदान दुसऱ्या नाण्याची वाट पाहावी, असा माझा आग्रह आहे. उजेड एका बाजूने तिरका पाडावा, भिंग दहापटीचे असावे, आणि दर दिवाळीला चिंच व रांगोळी लावून रुपया लखलखीत करण्याची जी आपल्या घरांतली रीत आहे तिला रजा द्यावी. कारण त्या घासण्यात पहिल्याने जातो तो ठिपकाच.

ठसा बदलण्याचे कारण प्रत्येक वेळी झीज हेच नसते. पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर बादशहाच्या अंगावरील अलंकारात जो लहानसा हत्ती होता त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली, सुमारे 94 लाख नाण्यांपैकी 7 लाखांच्या आसपासच बाहेर पडली, बाकीची आटविली गेली, आणि 1912 च्या ठशावर सोंड ठळक झाली.

यंत्राच्या नाण्यांना सरकारी दफ्तराचा आधार असतो. शिवराईला तो जवळजवळ नाही, म्हणून तिच्या बाबतीत ठसा हाच कागद. 1674 च्या राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्रपति’. महाराजांच्या मागे त्यांच्या वंशजांनी, पुढे पेशवाईने आणि अनेक ठिकाणच्या मक्तेदार टांकसाळ्यांनी तांब्यावर हीच अक्षरे कायम ठेवली. त्यामुळे शिव, शीव, सिव, सीव, तसेच छत्रपति व छत्रपती अशी रूपे आढळतात. ठसे खोदणारे अनेक हात, अनेक गावे आणि अनेक पिढ्या ह्या अक्षरांमागे आहेत. निव्वळ ऱ्हस्वदीर्घ पाहून अमुक शिवराई महाराजांच्या हयातीतली आणि तमुक मागाहूनची असा निकाल देणारे विक्रेते पुष्कळ आहेत. तो पुरावा मला अपुरा वाटतो.

पुरावा मिळतो तो ठशांच्या जोडण्यांतून. हाताच्या नाणेपाडणीत एक ठसा ऐरणीत बसविलेला असे आणि दुसरा तांब्याच्या चकतीवर धरून त्यावर घण घातला जाई. वरच्या ठशाला मार अधिक, म्हणून तो आधी निकामी होई आणि खालच्याच ठशाबरोबर नवा वरचा ठसा कामाला लागे. ‘श्री राजा शिव’ची एक विशिष्ट बाजू ‘छत्रपति’च्या दोन निरनिराळ्या बाजूंबरोबर सापडली, आणि त्यांतली एक पुन्हा तिसऱ्याच पुढल्या बाजूबरोबर सापडली, की एका टांकसाळीची साखळी तयार होऊ लागते. अडचण अशी की चकती अनेकदा ठशाहून लहान असे, म्हणून एका नाण्यावर पूर्ण ठसा क्वचितच उतरतो; कोठे ‘श्री’चा माथा, कोठे ठिपक्यांच्या वर्तुळाचा तुकडा, असे दहापंधरा नाण्यांवरून एक ठसा कागदावर जुळवावा लागतो. महेश्वरी आणि विगिन्स यांनी मराठी टांकसाळींवरचा आपला ग्रंथ नाशिकच्या नाणेसंशोधन संस्थेतर्फे 1989 मध्ये प्रसिद्ध केला, त्याने ह्या क्षेत्राला सर्वसाधारण चौकट दिली. ठशागणिक मोजणीचे काम त्या चौकटीत अजून पुष्कळ भरावयाचे आहे. त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. मुलुंड-ठाण्यातला एखादा निवृत्त कारकून वजनकाटा, भिंग आणि नियमित टिपणवही एवढ्या साहित्यावर ते करू शकेल, असे मी पूर्ण विश्वासाने लिहितो.

मात्र त्यासाठी ठेवे अखंड हवेत. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. हा संच पाहून रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचे वर्णन लिहिले, आणि त्यात नहपानाचे चेहरे वयाने व ठेवणीने परस्परांहून किती भिन्न आहेत याची नोंद केली. ती नोंद होऊ शकली, कारण हजारो नाणी एकत्र पाहावयास मिळाली. आज शेत नांगरताना मडक्यात शिवराई नाण्यांचा ठेवा निघाला तर तो तालुक्याच्या गावी तांबटाच्या दुकानात किलोच्या भावाने जातो, किंवा दहा विक्रेत्यांकडे विभागला जातो, आणि कोणती नाणी एकत्र पुरलेली होती हे ज्ञान त्याच दिवशी कायमचे नष्ट होते. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. ती खबर देताना नाणी न धुता, न घासता, मडक्याच्या खापरांसह द्यावीत.